घरातल्या एअरफोर्सवाल्या आजोबांना बोलतं कसं करायचं, आणि ते पायलट नसतील तर तर नक्कीच

माझ्या आईचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एअरफोर्समध्ये होते असं सांगितलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो, "पायलट होते का?" नाही म्हटलं की "अच्छा अच्छा" आणि विषय बदलतो. अण्णा आर्मामेंट फिटर होते. म्हणजे विमानाच्या गन, रॉकेट, बॉम्ब हे सगळं बसवणारा माणूस, आणि १९७१ ला ते पठाणकोटला हंटर विमानांवर होते. दोन वर्षं झाली मी त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करतेय. कसं केलंस असं बऱ्याच जणांनी विचारलं, कारण कुणाचे आजोबा, कुणाचे सासरे, कुणाचे शेजारचे काका असेच गप्प बसून आहेत, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आधी माझी फजिती सांगते. पहिल्या दिवशी मी एकदम मुलाखतवाली होऊन बसले, टेबलावर फोन ठेवला आणि विचारलं, "अण्णा, युद्धात तुम्हाला कसं वाटलं?" ते म्हणाले, "चांगलं." भीती वाटली का? "नाही." पायलट लोक तुम्हाला मान द्यायचे का? "हो, द्यायचे की." संपलं. चहा गार झाला आणि त्यांनी टीव्ही लावला. वर फोनचं स्टोरेज फुल होतं ते वेगळंच, म्हणजे ते तीन शब्दही माझ्याकडे नाहीत.

तर पहिली गोष्ट ही की "कसं वाटलं" हा प्रश्न विचारूच नका. या पिढीला वाटण्याबद्दल बोलता येत नाही, करण्याबद्दल येतं. हाताने काय करायचात ते विचारा, आणि मान, राग, जिव्हाळा जे काय असेल ते त्या करण्यातूनच बाहेर येतं. फक्त ऐकताना ते ओळखता आलं पाहिजे, आणि त्यासाठी थोडा अभ्यास लागतो.

अभ्यास म्हणजे आधी कपाट उघडा. मेडल्स कुठेतरी जुन्या बिस्किटाच्या डब्यात असतात. ती बघून बरंच कळतं. १९७१ चं पश्चिमी स्टार असेल तर माणूस पश्चिम आघाडीला होता, पूर्वी स्टार असेल तर पूर्वेला, आणि संग्राम मेडल त्या युद्धाच्या काळात नोकरीत असलेल्या बऱ्याच जणांना मिळालं. समर सेवा स्टार किंवा रक्षा मेडल दिसलं तर ते १९६५ चं. लाँग सर्व्हिसची मेडल्स वेगळी. मग डिस्चार्जची कागदपत्रं बघा, त्यात ट्रेड लिहिलेला असतो आणि हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे. इंजिन फिटर, एअरफ्रेम, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंट, आर्मामेंट, रेडिओ, सेफ्टी इक्विपमेंट, एमटी (म्हणजे गाड्यांचा विभाग), प्रत्येकाचं युद्ध वेगळं झालेलं असतं. पॅराशूट घडी करून भरणाऱ्याला तुम्ही "बॉम्ब पडले तेव्हा काय झालं" विचारत बसलात तर त्याची खरी गोष्ट राहूनच जाईल, कारण त्याच्याकडे सांगण्यासारखं हे आहे की एक माणूस जिवंत खाली यावा म्हणून त्याने ते कापड कसं दुमडलं.

मग विमान कुठलं ते शोधा आणि त्या विमानाबद्दल अर्धा तास वाचा. हे फार उपयोगाला येतं बरं का. नॅट हे छोटं लढाऊ विमान इतकं बुटकं की बरीचशी कामं जमिनीवर उभं राहून व्हायची, पण त्याच्या गन अडकायच्या, आणि गन अडकली की पायलट हवेत हात चोळत बसणार आणि खाली आर्मामेंटवाला लाजेने अर्धा होणार. मिग-२१ चं जे मॉडेल तेव्हा आपल्याकडे होतं, एफएल, त्यात मुळात आतली गनच नव्हती, पोटाखाली वेगळा गन पॉड लावायचे. १२ डिसेंबर १९७१ ला कच्छच्या आखातावर आपल्या मिग-२१ ने पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर पाडलं ते याच गनने. तुमच्या घरात मिगवरचा आर्मामेंटवाला असेल तर ही एक गोष्ट काढून बघा आणि मग गप्प बसा. मिग आणि सुखोई-७ उतरताना मागे ब्रेकचं पॅराशूट सोडायचे, ते रनवेवरून गोळा करून आणायचं, दुसरं भरलेलं लावायचं, हे दर लँडिंगला. कोण करायचं? विचारा की.

हंटरचं मला जास्त माहीत आहे म्हणून त्यावर थोडी रेंगाळते. हंटरला चार गन, ३० मिलिमीटरच्या, आणि त्या चारही गन, गोळ्यांच्या पेट्यांसकट, एकाच पॅकमध्ये. विमान उतरलं की पूर्ण पॅक खाली उतरवायचा आणि भरून ठेवलेला दुसरा विंचने वर चढवायचा, बॅरल तेवढे विमानातच राहतात. सगळं काही मिनिटांत, तोवर बाजूला बाउझर, म्हणजे टँकर, इंधन भरतोय, कुणी टायर बघतंय, कुणी ऑक्सिजन. याला टर्नअराउंड म्हणतात. अण्णांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला एक जुनी खूण आहे, लहानपणापासून बघतेय, ती पॅकच्या कडेची आहे हे मला ७१ बद्दल बोलताना पहिल्यांदा कळलं. हंटरच्या नाकाखाली दोन फुगीर डबे असतात, त्यात गोळ्यांच्या पट्ट्याच्या सुट्या झालेल्या कड्या जमा होतात. मी विचारलं, अण्णा, विमान परत आलं की तुम्ही आधी काय बघायचात? मला वाटलं म्हणतील पायलटचा चेहरा. ते म्हणाले, "नाक." नाकाखाली गनच्या तोंडाशी काजळी असली की गन चालल्या. काजळी नसली की मग पोटात गोळा, की चालवायची वेळच आली नाही की चालल्याच नाहीत? आणि साहेब, म्हणजे पायलट, शिडीवरून उतरेपर्यंत विचारायचं नाही. तो उतरताना बोटं दाखवायचा, चार बोटं म्हणजे चारही चालल्या. मान बिन जे काय म्हणतात ते मला त्या चार बोटांत दिसलं, म्हणजे एवढं मरणाच्या दारात जाऊन आलेला माणूस हेल्मेट काढायच्या आधी खाली वाट बघणाऱ्या फिटरला रिझल्ट सांगतोय.

तर प्रश्न असे विचारा. विमान परत आलं की आधी काय बघायचात? पायलटला पट्टे कोण बांधायचं? इजेक्शन सीटच्या (संकटात पायलटला बाहेर फेकणारी खुर्ची) सेफ्टी पिना काढून त्याला दाखवायच्या असतात, त्या तुम्ही कशा दाखवायचात, हातावर मोजून की नुसत्या वर धरून? चॉक, म्हणजे चाकाखालची अडण, काढल्यावर तुम्ही कुठे उभे राहायचात? ब्लॅकआउटमध्ये टॉर्चला काय गुंडाळायचात? रात्री जेवण लाइनवर यायचं की तुम्ही जायचात? विमान गेल्यावर ते परत येईपर्यंतच्या पाऊण तासात काय करायचात? हा शेवटचा प्रश्न सोन्याचा आहे. अण्णा म्हणाले, "काय करणार, झाडून काढायचो." मोकळ्या पेनमधला कचरा, खडे, वेचून वेचून, इंजिनात जाऊ नयेत म्हणून. गरज असो नसो. (पेन म्हणजे विमानाभोवती तीन बाजूंनी जाड भिंती. १९६५ मध्ये पठाणकोटवर हल्ला झाला तेव्हा विमानं उघड्यावर होती आणि मोठं नुकसान झालं, त्यानंतर अशा पेनवर भर दिला. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पठाणकोटवर पुन्हा हल्ला आला तेव्हा ते कामाला आले.)

आता फॉर्म ७००. हे नाव लक्षात ठेवा, कारण कुठल्याही टेक्निकलवाल्या आजोबांसमोर हे उच्चारलं की ते खुर्चीत सरळ बसतात. फॉर्म ७०० म्हणजे विमानाची वही. उड्डाणाआधी प्रत्येक ट्रेडवाला आपापल्या कामाखाली सही करतो आणि शेवटी पायलट सही करून विमान ताब्यात घेतो, परत आला की काय बिघडलं ते लिहितो, त्याला स्नॅग म्हणतात. सहीनंतर पायलटने विमानाभोवती एक चक्कर मारून स्वतः बघायचं असतं.

इथे माझा एक समज पार उलटा झाला. मला वाटायचं की मान म्हणजे विश्वास, म्हणजे पायलटने म्हणावं तुम्ही केलंय ना, मग मी बघत नाही. अण्णांनी एक दिवस सांगितलं, दुसरा की तिसरा दिवस युद्धाचा, सकाळची थंडी, एक तरुण साहेब घाईत आला, सही केली आणि सरळ शिडीकडे. अण्णांनी शिडी धरली आणि हलले नाहीत. "सर, एक चक्कर." तो म्हणाला तुम्ही बघितलंय ना. अण्णा म्हणाले, बघितलंय म्हणूनच सांगतोय, एक चक्कर. आणि एका ऑफिसरला एका कॉर्पोरलने असं अडवणं म्हणजे काय ते फौजेतल्या लोकांना कळेल. साहेब हसला, चक्कर मारून आला, मग अण्णांनी शिडी सोडली. मी म्हटलं, पण त्याचा तुमच्यावर विश्वास होता तर तुम्हाला बरं वाटायला हवं होतं ना? अण्णा जवळजवळ चिडले. म्हणाले, "मी केलेलं काम जो बघतच नाही, त्याला त्या कामाची किंमत काय कळणार?" म्हणून सांगते, "मान द्यायचे का" असं न विचारता "कोण नीट तपासायचा आणि कोण नाही" असं विचारा. नावानिशी उत्तरं येतात, पन्नास वर्षांनंतरही.

भाषेबद्दल एक, हे टाइप करून काढताना ध्यानात ठेवा. अण्णा त्या पायलटबद्दल बोलताना एकाच वाक्यात "साहेब आले" आणि "पोरगं होतं हो, मिसरूड फुटलेलं" असं दोन्ही म्हणतात. मी पहिल्यांदा ते सगळं "ते साहेब तरुण होते" असं नीटनेटकं करून ठेवलं आणि वाचलं तर सगळी जानच गेलेली. आहो-जाहो आणि अरे-तुरे यांची ही सरमिसळ हीच तर गोष्ट आहे. वॉरंट ऑफिसर चाळिशीचा, घरी तीन लेकरं, आणि सॅल्यूट करायचा तेवीस वर्षांच्या पोराला. पण तोच वॉरंट त्या पोराच्या पट्ट्याचा पीळ सरळ करायचा, जसा शाळेत जाणाऱ्या मुलाचा करतात. तसंच हिंदी, इंग्रजी, पंजाबी शिव्या जशा येतील तशा ठेवा. युनिट म्हणजे भारतभरची माणसं, अण्णांची निम्मी वाक्यं आजही "अबे" ने सुरू होतात, आजी तिथे नसेल तर.

आणि हो, सगळं गोड करून लिहू नका. ऑफिसरांचं मेस वेगळं, सार्जंट आणि वरच्यांचं वेगळं, एअरमनचं वेगळं, क्वार्टर वेगळे, आणि दिवसभर एकाच विमानाला चिकटलेली माणसं संध्याकाळी तीन दारांनी आत जायची. अण्णांना याबद्दल तक्रार नाही, मला आहे थोडी, पण ती माझी आहे, त्यांच्या तोंडी घालायची नाही. त्यांना दुसरीच सल आहे. काही वर्षांपूर्वी एका सत्काराच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं, माजी सैनिक म्हणून. व्यासपीठावर एक निवृत्त पायलट होते त्यांना शाल आणि श्रीफळ, अण्णांना तिसऱ्या रांगेत गुलाबाचं फूल, ठीक आहे. पण निवेदक म्हणाला की "यांनी जिवावर उदार होऊन लढाई केली आणि बाकीच्यांनी मागे राहून साथ दिली." मागे! अण्णा घरी येऊन म्हणाले, "मागे म्हणजे कुठं? बॉम्ब आमच्यावरच पडत होते की." खरंय ना, हल्ला आला की पायलट विमान घेऊन वर जातो, तळावरचे तिथेच असतात. तेव्हा तुमच्या प्रश्नात "मागे" आणि "मदतनीस" हे शब्द नकोत. याच्या उलट चूक पण करू नका, की सगळं श्रेय फिटरचं आणि पायलट फुकटचे हिरो. असं बोलून अण्णांना खूश करायला गेले तर ते लगेच म्हणाले, "मी संध्याकाळी परत येणार हे मला माहीत असायचं. त्याला नसायचं." १४ डिसेंबरला श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना नॅट घेऊन उडालेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों, विमानदलाचं एकमेव परमवीर चक्र, त्यांचं नाव निघालं की अण्णा आजही आवाज खाली आणतात.

लोंगेवालाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, ५ डिसेंबरला जैसलमेरच्या मोजक्या हंटरनी रणगाड्यांची दैना केली. ही विमानं रात्री अशी लढाई करू शकत नव्हती, उजाडायची वाट बघावी लागली. मग त्या रात्री जैसलमेरला जागं कोण होतं, आणि दिवसभर तीच तीच विमानं परत परत भरून कुणी पाठवली? तुमच्या माणसाला अशा एखाद्या माहितीतल्या लढाईतली त्याच्या ट्रेडची बाजू विचारा, "तिथे असता तर काय काय करावं लागलं असतं" असं. स्वतःबद्दल न बोलणारी माणसं कामाबद्दल अंदाज बांधायला एका पायावर तयार असतात, आणि पाच मिनिटांत तिथून स्वतःवर येतातच.

फक्त विमानाला हात लावणाऱ्यांना धरून बसू नका. रडारवर बसणारे कंट्रोलर घ्या, १९६५ मध्ये अमृतसरच्या रडारचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, "फिश ऑइल" होता, आणि इंधन संपत आलेल्या पायलटला घरचा रस्ता सांगणारा असा आवाज त्याने कधी पाहिलेलाही नसेल, नुसता ऐकलेला. स्वयंपाकी, धोबी, रनवे दुरुस्त करणारे हेही आले. आणि भुज. डिसेंबर ७१ मध्ये भुजची धावपट्टी बॉम्बने उद्ध्वस्त झाली तेव्हा तळाचे प्रमुख होते स्क्वॉड्रन लीडर विजय कर्णिक, आपलंच मराठी आडनाव. माणसं कमी पडली म्हणून शेजारच्या माधापर गावच्या सुमारे ३०० बायका आल्या, ७२ तासांत धावपट्टी उभी केली, वरून दिसू नये म्हणून फिक्या हिरव्या साड्या नेसून, सायरन वाजला की झुडपात. त्यांना काय फॉर्म ७०० वर सही होती? पण विमान त्यांच्या कामावरून उडालं. म्हणून आजींनाही बसवा रेकॉर्डिंगला. आमच्या आजीने तेव्हाची पत्रं ठेवलीयत आणि तिला अण्णांच्या साहेबांच्या बायकोने क्वार्टरवर पाठवलेला लोकरीचा स्वेटर अजून आठवतो, रंगासकट, अण्णांना मात्र स्वेटर आठवत नाही.

परत न आलेल्या विमानाबद्दल तुम्ही विचारू नका. ते स्वतः काढतील किंवा नाही काढणार. काढलं तर मध्ये बोलू नका, "कुठल्या तारखेला?" असं तर अजिबात नाही. अण्णांनी ते एकदाच सांगितलं, तेही शिडीबद्दल बोलता बोलता. शिडी आणि चॉक तिथेच पडून, सगळे इकडेतिकडे काम काढून थांबलेले, इंधन किती वेळ पुरेल ते सगळ्यांना पाठ, तो वेळ होऊन गेला तरी शिडी आत न्यायला कुणी पुढे होईना. मग वहीतल्या शेवटच्या सह्या कुणाच्या ते आठवत बसायचं, आपलं काही राहिलं का. शत्रूच्या गोळीने पडलं हे कळल्यावर, अण्णांचे शब्द, "वाईट वाटलं आणि सुटलो असंही वाटलं, आणि त्याची लाज अजून वाटते." हे मी त्यांना विचारून इथे लिहिलंय. तुम्हीही विचारा, असं काही ग्रुपवर टाकायच्या आधी. त्या माणसाचं घर असतं, मुलं असतात. नाव लिहू नका.

प्रॅक्टिकल बाकीचं पटकन. दुपारी झोपेनंतरची वेळ चांगली, चाळीस मिनिटांच्या वर नाही. फोन फ्लाइट मोडवर, अण्णांना या बटणाचं नाव फार आवडलं. जुना स्क्रू ड्रायव्हर, पाना, पट्टी काहीतरी हातात द्या, हात रिकामे असले की तोंड चालत नाही. तारखा तिथल्या तिथे दुरुस्त करू नका, ६५ आणि ७१ ची सरमिसळ होणारच, नंतर मेडल आणि पोस्टिंगच्या कागदावरून लावून घ्या. एखादी गोष्ट सांगायची नाही म्हणाले तर तिथे थांबा, नोकरीत घेतलेली सवय आहे ती. आणि रेकॉर्डिंगच्या दोन कॉप्या करा, माझ्यासारखं करू नका.

जमलं तर शेवटची एक गोष्ट करा, तो पायलट शोधा. स्क्वॉड्रनची मेळावे घेणारी जुनी मंडळी असतात, कुणाकडे तरी नंबर असतो. फोन लावायच्या आधी दोन्हीकडे सांगून ठेवा, या वयात धक्के नकोत. मी लावला तेव्हा साहेब ऐंशीच्या जवळ, उत्तरेत कुठेतरी राहतात, अण्णा फोनवर उभे राहिले, मी बसवलं. पहिली नऊ-दहा मिनिटं गुडघे, पेन्शन, सूनबाई, मोतीबिंदू. मी कंटाळून आत जाणार तेवढ्यात अण्णा हिंदीत म्हणाले, सर, त्या दिवशी तुम्ही चक्कर मारत नव्हतात. तिकडून खूप वेळ हसण्याचा आवाज. मग साहेब म्हणाले की खरं सांगू का, त्या चक्करमध्ये मी काहीच बघितलं नव्हतं, तुम्ही शिडी सोडावी म्हणून मारली होती.

अण्णा म्हणाले, "मालूम था सर. इसलिए आपके पीछे पीछे मैंने और एक मारी थी."